ठेंगणीच्या पोटात बोटीचं इंजिन

माझ्या गाडीचं नाव ठेंगणी. एवढीशी, की तिच्या शेजारी कुणी सायकल लावली तर लोक आधी सायकलीकडे बघायचे. पुढची दोन चाकं ओढायची आणि मागची दोन नुसती सोबतीला. सपाटीवर गुणाची पोर! पण थोरल्या जाऊबाईंच्या घराचा चढ आला की हिचा जीव घाबराघुबरा. आता तो चढ तरी कसला? भिंतच ती, उभं राहून कंटाळली म्हणून जरा टेकलेली. त्या चढावर चिमण्यासुद्धा उडत नाहीत, धापा टाकत पायी जातात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

दर वेळी निम्म्यात ठेंगणी दम सोडायची, मग सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. वर गॅलरीत जाऊबाई चहाचा कप घेऊन उभ्याच.

"या, या! गाडीला घेऊन आलात वाटतं?"

मागच्या खेपेला ढकलता ढकलता माझ्या लेकाची पँट उसवली, तीही बरोब्बर जाऊबाईंच्या समोर. घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, बास झालं. महिन्याभरानं काकूचा वाढदिवस आहे. त्या दिवशी कुणीही न उतरता गाडी वर पोचली तर किल्ली तुझी. नाही पोचली तर गाडी विकायची. मग तुला कुठं जायचं असेल तर मी नेईन."

तो नेणार! अहो, हा इतका सावकाश चालवतो, की औषधाच्या दुकानात पोचेपर्यंत आजारी माणूस आपोआप बरा होतो. त्याच्या शेजारी बसून उरलेलं आयुष्य काढायचं म्हणजे मी दोनशे वर्षं जगले तरी बाजारापर्यंत पोचणार नाही.

मी तडक धाकट्या भावाकडे गेले. भाऊ बोटींचा मेकॅनिक. गाड्यांना तो "कोरड्या बोटी" म्हणतो. त्यानं ठेंगणीचं बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि खो खो हसला.

"ताई, हे इंजिन आहे की शिलाई मशीन?"

"हसू नकोस मेल्या. मोठं बसव."

"बसवतो की! माझ्याकडे एक विधुर पडलाय."

विधुर म्हणजे एका मोठ्या बोटीच्या जोड-इंजिनातलं एक. त्याचा जोडीदार भंगारात गेला होता आणि हे कोपऱ्यात ताडपत्री पांघरून बसलं होतं. ताडपत्री काढली तर काय, ठेंगणीपेक्षा इंजिनच मोठं! म्हटलं, इंजिनात गाडी बसवायची की गाडीत इंजिन?

कामाला लागलो. शिलाई मशीन साखळीनं वर उचलून बाहेर काढलं. गिअरबॉक्स ठेंगणीचाच ठेवला, पण त्याचे बोल्ट आणि इंजिनाची भोकं एकमेकांकडे बघायलाच तयार नाहीत. मग मधे जाड लोखंडी चकती कापून घातली, दोन्ही बाजूंची समजूत काढली. पुढच्या स्प्रिंगा एका मालवाहू गाडीच्या घातल्या, नाहीतर ठेंगणीनं नाक घासलं असतं. सुनेला रजा होती. तीही ग्रीस माखून आली. इंजिन बसवून झालं तर बॉनेट लागेना. सून धावत घरी गेली आणि लेकाला लहानपणी मी ज्यात आंघोळ घालायचे तो गुलाबी टब घेऊन आली. बॉनेटला भोक पाडलं आणि टब वर पालथा घातला. झक्कास!

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी इंजिन सुरू केलं. आवाज असा, की शेजारच्या गल्लीतल्या सगळ्या दारांच्या कड्या आपणहून उघडल्या. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, हळूच पाय सोडला.

गाडी मागे!

सुटली ती थेट वाळत घातलेल्या चादरीत. चादर पांघरून कुंपणाच्या जरा अलीकडे थांबली.

"ताई, रिव्हर्स टाकलास!" भाऊ ओरडला.

"पहिलाच टाकलाय रे!"

दुसरा टाकला, मागे. तिसरा, मागे. चौथा टाकायला जागा नव्हती. शेवटी रिव्हर्स टाकला, तर ठेंगणी शहाण्यासारखी पुढे आली.

भाऊ मटकन जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"ताई, हे डावीकडचं होतं गं."

"म्हणजे?"

"बोटीला दोन इंजिनं असली की एक असं फिरतं, एक तसं. नाहीतर बोट एका अंगाला ओढते. हे तसं फिरणारं. आम्हाला काय, बोटीच्या बुडाला पाणी कापणारा पंखा उलट्या पात्यांचा लावला की भागतं. गाडीला तसला पंखा नसतो हे डोक्यातच आलं नाही!"

"मग आता?"

"पुढे जायला एक गिअर. मागे जायला चार."

सून हसून हसून चादरीत गुंडाळली गेली. मला मात्र हसू येईना. इंजिन परत काढायला वेळ कुठं होता? म्हटलं, चढाला तरी एकच गिअर लागतो, जाऊ त्याच्यावर. "लेकाला काही बोललात तर बघा," असा दोघांना दम भरला.

दुसऱ्या दिवशी निघालो. मी गाडी चालवायला, शेजारी भाऊ, मागे लेक आणि सून. लेक टबाकडे बघत होता. ओळख पटत होती पण आठवत नव्हतं.

"आई, तू इतकी हळू का चालवतेयस?"

"तुझ्याकडनं शिकले," मी म्हटलं. एकाच गिअरवर दुसरं काय करणार?

चढाच्या पायथ्याशी आलो. वर गॅलरीत कप दिसला. मी ॲक्सिलरेटर दाबला. ठेंगणी गरजली, निम्म्यापर्यंत चढली आणि पुढची चाकं जागच्या जागी गरगरा फिरायला लागली. धूर! रबराचा वास! गाडी तसूभर हलेना.

"तुमचं काही जळतंय का हो?" वरून जाऊबाई.

लेकानं दाराला हात घातला. "झालं, आई. उतरतो मी. हरलीस."

"खबरदार! दार उघडलंस तर कान उपटीन!"

भाऊ खिडकीबाहेर डोकं काढून चाकं बघत होता. "ताई, ताकद मरणाची आहे गं, पण चढावर वजन सगळं मागे गेलंय. नाक उचलतंय हिचं. पुढच्या चाकांवर भारच नाही."

"म्हणजे नाक उताराकडे असतं तर?"

"तर सगळा भार नाकावर आला असता, आणि..." भाऊ थांबला. माझ्याकडे बघितलं. माझ्याच रक्ताचा तो, डोळे लगेच चमकले.

मी ब्रेक सैल केला, गाडी पायथ्याशी येऊ दिली आणि वळवून तिचं ढुंगण चढाकडे केलं.

"परत चाललो ना आपण?" लेकानं विचारलं. आवाजात सुटका होती.

"सूनबाई, मागे वळून बस. डावं-उजवं सांग."

"तयार!" सून म्हणाली.

पहिला गिअर. चाकांनी रस्ता असा धरला, जसं मांजर पडदा धरतं. ठेंगणी चढायला लागली. पाठमोरी, ताठ मानेनं! दुसरा गिअर टाकला. लेक म्हणाला, "आई." तिसरा टाकला. लेक म्हणाला, "आई गं!"

"उजवीकडे, आई! खांब! आता डावीकडे! पोस्टमन!"

पोस्टमन सायकल हातात धरून चढत होता. त्याला मागे टाकलं, आणि मग आम्ही समोरासमोर. तो खाली, आम्ही वर वर चाललेलो, आणि नजरेला नजर. मी हात हलवला. त्यानं सायकल रस्त्यावर आडवी घातली आणि तिच्याशेजारी बसून घेतलं. चौथा गिअर टाकला तेव्हा म्हणे खालच्या वळणावरच्या दुकानाची पाटी आमच्यामागे दोन हात ओढली गेली. माझं लक्ष आरशात होतं, भाऊ सांगतो.

जाऊबाईंच्या पायरीला मागचा बंपर टेकवून मी गाडी उभी केली. गॅलरीत कप तिरका झाला होता, चहा खालच्या कुंडीत.

"अगं बये," जाऊबाई म्हणाल्या, "तोंड तरी दाखव आल्यासरशी!"

"आधी सांगा, कुणी उतरलं का?"

"कुणी उतरलं नाही बाई. मी साक्षीला आहे."

मी लेकाकडे वळले. "उतर आता. परवानगी आहे."

"उतरता येत नाहीये," तो म्हणाला. "हात सीट सोडत नाहीत माझे."

"ताई, पुढच्या आठवड्यात इंजिन काढतो," भाऊ म्हणाला, "सरळ फिरणारं बघून..."

"हात तर लावून बघ!"

तोवर जाऊबाई पर्स घेऊन खाली हजर. केक वर तसाच, पाहुणे वर तसेच. "सरक रे," त्या भावाला म्हणाल्या, "मला पुढे बसू दे. पुन्हा एकदा वर येऊ."

लेक तसाच मागच्या सीटवर, पांढराफटक. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकूकडे.

"किल्ली राहू दे तुझ्याकडे, आई," तो म्हणाला. "फक्त मागच्या काचेला वायपर बसवून घे."