कानातला सेल

घड्याळजीच्या चार वर्षांच्या मुलीला सगळे ठकी म्हणत. खेळात रमली की तिला हाक ऐकू येत नसे, एवढाच तिचा गुन्हा. इतर घरांत अशा वेळी "कानात बोळे घातलेत का?" म्हणून ओरडतात. या घराची तऱ्हा वेगळी. दुकान पुढच्याच खोलीत. तिसऱ्या हाकेलाही ठकी आली नाही की घड्याळजी गिऱ्हाइकांकडे बघून डोळा मारी आणि म्हणे, "हिच्या कानातला सेल संपलाय."

गिऱ्हाइकं हसली की त्याला चेव येई. मग तो ठकीला ओढून तिचं डोकं कलतं करी आणि डोळ्याला भिंग लावून कानात बघे. "छे! पार गंजलाय. ही द्यायची टाकून, दुसरी आणायची."

"दुसरी कोण?" ठकी विचारी.

"दुसरी मुलगी. पहिल्या हाकेला येणारी."

त्याच्या मनात तसं काही नसे. पण लेकराच्या ओंजळीत शब्दही जपून ठेवायचा असतो, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. मोहरीएवढ्या स्क्रूला मात्र तो श्वास रोखून हात लावी.

ठकी रोज बघत होती. बंद पडलेलं घड्याळ येतं, बाबा त्याची पाठ उघडतात, आत चकचकीत टिकली बसवतात आणि काटा चालू लागतो. हे कधी चुकत नाही. एकदा बाबा जेवायला उठले, तेव्हा तिने टेबलावरच्या पाकिटातून सगळ्यात लहान टिकली काढली. वाटीतल्या जुन्या सेलांना हात लावला नाही. ते मेलेले असतात, हे तिला ठाऊक होतं. टिकली डाव्या कानात घातली आणि करंगळीने आत ढकलली.

त्या दुपारी ती कान टवकारून बसली. आईने नुसतं "ठ" म्हणायचा अवकाश, ही हजर!

"अरे, आज ही एवढी शहाणी कशी झाली?" आत्याने विचारलं.

"सेल बदलला असेल," घड्याळजी म्हणाला.

"हो," ठकी म्हणाली. "मीच बदलला."

सगळे पोट धरधरून हसले. "बापाची जीभ घेऊन आलीय गं बाई!" म्हणत आत्याने डोळे पुसले. घड्याळजीने तिला उचलून गिऱ्हाइकांपुढे मिरवलं. एवढं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

दिवेलागणीला कान जळायला लागला. ठकी फ्रॉकची बाही दातांत धरून बसली. सांगितलं तर सेल काढतील. सेल निघाला की आपण पुन्हा जुनी ठकी, आणि मग ती दुसरी मुलगी येणार.

सकाळी अंगात ताप होता आणि उशीवर काळपट डाग.

"वन्सं, डॉक्टरकडे नेऊ या का हिला?" आईने विचारलं.

"कान फुटलाय, त्यात डॉक्टर काय दिवे लावणार? कोमट तेल घाल."

तेल आत गेलं तशी ठकी किंचाळली.

"नाटकं!" पुढच्या खोलीतून घड्याळजी ओरडला. "काल डोक्यावर घेतली ना, त्याचा परिणाम."

दुसऱ्या दिवशीही तेलच घातलं. आत्याने हात धरले, घड्याळजीने पाय. त्यानंतर मात्र आईने कुणाला न विचारता लेकीला उचललं आणि चालू लागली. घड्याळजी चडफडत मागून गेला.

डॉक्टरीणबाईंनी कानातून काढलेली काळी टिकली बशीत टाकली. घड्याळजीने ती भिंगाशिवाय ओळखली.

"हा सेल आतून भाजत राहतो. त्यावर तुम्ही तेल ओतलंत," बाई म्हणाल्या. "पडदा गेलाय, आतली नाजूक हाडंही गेलीत. या कानाने तिला आता ऐकू येणार नाही. घरात असले सेल असतात का?"

"छे हो! रस्त्यात सापडेल ते उचलते. पोरांचा काय नेम?"

"बाबा, आपलाच आहे तो!" ठकी म्हणाली. "नवा घेतला मी. तुम्हीच म्हणालात ना—"

त्याने तिचा दंड असा आवळला की बोटं उमटली. "खोटारडी!"

"आमचं घड्याळाचं दुकान आहे, बाई," आई म्हणाली. "हे तिला म्हणायचे, तुझा सेल संपलाय. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा हसायचे."

घरी जाताना वाटभर घड्याळजीच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "परक्या बाईसमोर माझी अब्रू काढलीस. उद्या गावभर होईल. कोण देईल माझ्याकडे घड्याळ? आणि आता ही बहिरी जन्मभर गळ्यात! त्यापेक्षा झालीच नसती तर सुटलो असतो."

आई नुसती चालत राहिली. तिच्या खांद्यावर ठकी झोपेला आली होती. उजवा कान आईच्या मानेत रुतला होता आणि बापाच्या बाजूला होता तो कापूस भरलेला डावा. देवाने त्या लेकरावर त्या दिवशी दया केली, ती एवढीच.