खुर्चीवरची मांडी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माझा एक पाय आखूड आहे, पण नाक मात्र वर आहे. कारण मी कितीतरी चित्रांत आहे!

सुताराने मला घडवलं ते दातांच्या दवाखान्यासाठी. तिथे जो तो गाल धरून, ताठ, दाराकडे डोळे लावून बसायचा. मला वाटायचं, माणसं बसतातच अशी. पुढे तिथे गुबगुबीत सोफे आले आणि माझी रवानगी फुटपाथवर झाली. तिथून एका रंगाऱ्याने मला खांद्यावर टाकून घरी नेलं. तो पोटासाठी परमुलखातून आलेला. दिवसभर लोकांच्या भिंती रंगवायचा आणि सुट्टीच्या दिवशी माणसं.

माणसं म्हणजे शेजारीपाजारी: खालचा पाववाला, समोरची शिंपीणबाई. रंगारी अदबीने म्हणायचा, "नीट बसा हं, हलू नका." परमुलखात आपल्यामुळे कुणाला त्रास नको, या धास्तीने तो स्वतःही ताठच उभा राहायचा. चित्रं हुबेहूब यायची. पण पाववाल्याने आपलं चित्र पाहिलं आणि विचारलं, "अहो, माझी दाढ दुखतेय का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखान्याचा गुण मीच आणला असणार!

चित्रांच्या दुकानदारानेही सगळी चित्रं परत केली. "हात चांगलाय तुमचा, पण ही माणसं फार अवघडून बसलीत." त्या दिवशी रंगारी बायकोला म्हणाला, "आई येतेय. तिचं एक चित्र काढतो आणि ब्रश कायमचे ठेवून देतो. भिंती काय वाईट आहेत?" मला फार वाईट वाटलं.

आई आली. माझ्यावर बसली, जरा चुळबुळली, मग चपला काढून तिने सरळ मांडी ठोकली. मी करकरले.

"आई, अगं हलू नकोस!"

"अरे, पाय लोंबकळत ठेवून मला नाही बसता येत. आणि तू का असा उभा, साहेब आल्यासारखा? बस की खाली!"

बायको फिसकन हसली. रंगाऱ्यालाही हसू आवरेना. त्याने जमिनीवर फतकल मारली आणि चित्र काढायला घेतलं. आईची बडबड चालूच होती. चित्रात तिचं तोंड उघडं आहे, एक चप्पल उलटी पडली आहे, आणि बाई आपल्या लेकाच्या घरी बसली आहे हे कुणीही सांगेल. मला तर आनंदाने गहिवरून आलं.

ब्रश काही ठेवले गेले नाहीत. "तुमच्या घरी बसता तसे बसा," असं तो सगळ्यांना सांगू लागला. पाववाला मला उलट फिरवून, माझ्या पाठीवर हनुवटी टेकून बसला. आता तो दुकानदार चित्रं न्यायला स्वतः धापा टाकत जिने चढून येतो.

मित्रांनो, माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी तेवढी सरकवत जा. आणि तुमच्या दारी परमुलखातून कुणी आलं, तर खुर्ची जरूर पुढे करा, पण 'नीट बसा' म्हणू नका. खुशाल मांडी घालू द्या. करकरायला मी आहे!