चार रविवारांची भरपाई

मी भागवतरावांची गळाची काठी बोलतेय. माझं ऐकायचं तर आधी एक लक्षात ठेवा: आमच्याकडे ऊन कधी पडलं आणि पाऊस कधी आला, हे आभाळ ठरवत नाही. मंडळ ठरवतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. फायबरचं अंग, चकचकीत रीळ, मुठीला मऊ फोम. अकोल्याच्या दुकानात मी भिंतीला टेकून निवांत उभी होते. भागवतरावांनी मला उचललं, हवेत दोनदा सपासप फिरवलं आणि दुकानदाराची ट्यूबलाइट फोडली. आपल्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते मला तिथेच कळलं.

भागवतरावांचं मालेगावात बी-बियाण्याचं दुकान. शिवाय ते हौशी मासेमार मंडळाचे सचिव. मंडळात अकरा जण. त्यांनी आजवर धरलेले मासे मोजायला एका माणसाची बोटं पुरतात, टोप्या मात्र प्रत्येकाकडे तीन-तीन. मेडशीच्या अलीकडे आत एक तलाव आहे. तिथे ह्या मंडळींना मार्च ते मे, फक्त रविवारी, गळ टाकायची मुभा. एक जूनपासून बंद.

तलाव खरा तिथल्या मासेमार कुटुंबांचा. त्यातल्या रुखमाबाई दिवाळीनंतर चार महिने ह्याच तलावातली मरळ मेडशीच्या बाजारात विकतात. त्यावरच त्यांचं घर चालतं. मरळीचं बी, म्हणजे सोडायची बारकी पिलं, कुणी विकत आणून सोडत नाही. पाऊस लागला की ती काठाच्या गवतात अंडी घालते आणि नर-मादी मिळून पिलं मोठी होईपर्यंत राखतात. म्हणून जून बंद. इतकी साधी गोष्ट आहे, पण मंडळात शिकलेली माणसं फार.

यंदा मे संपत आला आणि भागवतरावांना साक्षात्कार झाला की आपला हंगाम बुडाला. लगेच मंडळाच्या कागदावर अर्ज उतरला: अवकाळी पाऊस व वादळी वाऱ्यामुळे चार रविवार वाया गेले, सबब जून महिन्यातले चार रविवार भरपाई म्हणून मिळावेत.

आता मी दाराआड उभी असते, मला खोटं कसं बोलता येईल? पहिल्या रविवारी कामरगावला लग्न होतं. दुसऱ्या रविवारी क्रिकेटची फायनल. तिसऱ्या रविवारी कूलरसमोर जी झोप लागली ती चहालाच मोडली. चौथ्या रविवारी वादळ आलं खरं, पण संध्याकाळी पाचला. आम्ही तर 'आज मासा लागत नाही' म्हणून दहालाच घरी परतलो होतो.

त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी अर्ज वाचला आणि शांतपणे विचारलं, "पहिल्या रविवारी तुमी जिलबीच्या कढईपाशी उभे होते. ते कोनतं वादळ होतं?"

भागवतरावांनी त्यांना समजावून सांगितलं की हवामान म्हणजे नुसतं आभाळ नसतं, माणसाची तब्येतही त्यातच येते. हे ऐकून मला हवामान खात्याची दया आली.

तलाव समितीची बैठक बसली. मेच्या वादळात कुणाचे पत्रे उडाले, कुणाचा आंबा झडला, त्यांचा पंचनामा अजून व्हायचा होता. आमच्या हौसेचा पंचनामा दोन दिवसांत उरकला, कारण समितीच्या अध्यक्षांनीच नुकतीच नवी काठी घेतली होती. रुखमाबाई बैठकीत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मरळ जूनात भुकेनं नाही येत गळाले, रागानं येते. पिलायजवळ काही हाललं का तिले सहन होत नाही. तेवढी एक गोष्ट हेरून तुमी तिले धरसान, अन् मंग हिवाळ्यात आमी काय धराव?"

समितीने त्यांच्या भावनांची नोंद घेतली. नोंद घेणं हे आमच्याकडचं फार मोठं काम आहे, ते झाल्यावर दुसरं काही करावं लागत नाही. चार रविवार मंजूर झाले.

जूनचे पहिले दोन रविवार कोरडे गेले. मग पाऊस लागला. तिसऱ्या रविवारी अध्यक्षांच्या गळाला मरळीचा एक नर लागला आणि मंडळाच्या रश्श्यात गेला. चौथ्या रविवारी भागवतरावांना दक्षिणेच्या काठाला पाण्यावर तांबूस डाग दिसला. तो डाग हलत होता. ती शेकडो पिलं होती, एकमेकांना चिकटून वर येणारी. भागवतरावांनी माझ्या दोरीचा गळ नेमका त्या डागात टाकला.

ती आलीच. इतक्या जोरात आली की मी कमरेतून वाकले. माझ्या आयुष्यातला हा पहिला मोठा मासा, आणि सांगायला लाज वाटते, मला क्षणभर आनंद झाला.

रुखमाबाई काठावरून धावत आल्या. ओरडल्या नाहीत. मायला पिलांपाशी सोडा, एवढंच म्हणाल्या. भागवतराव विरघळले हो! त्यांनी सोडायचं कबूल केलं. पण इथे चिखल होता, वर बाभळीची सावली, व्हिडिओ काळा आला असता. म्हणून मरळ बादलीत गेली, बादली मोटारसायकलवर गेली आणि दूर तलावाच्या दुसऱ्या टोकाला, धरणाच्या भिंतीवर, छान उजेडात, निसर्गावर दोन शब्द बोलून त्यांनी तिला पाण्यात सोडलं. पिलांत आणि तिच्यात पूर्ण तलाव मधे!

मला ते बाभळीला टेकवून गेले होते. त्यामुळे पुढचं मी पाहिलं. तांबूस डाग आधी गोल गोल फिरला. मग खालून बारके मासे आले, वरून बगळे आले. दुपारपर्यंत पाणी स्वच्छ झालं. रुखमाबाई दगड मारून बगळे हाकलत राहिल्या, पण पाण्याखाली कुठवर मारणार?

व्हिडिओ फार चालला. भागवतरावांचा सत्कार झाला, शाल मिळाली. दिवाळीनंतर मेडशीच्या शाळेत निसर्गावर भाषण द्यायला बोलावणं आलं. दाखवायला मलाही नेलं. परतताना ते बाजारात थांबले. रुखमाबाईंच्या टोपल्यात बोटाएवढी मासळी होती.

"मावशी, यंदा मरळ काहून नाही?" त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं.

रुखमाबाईंनी टोपल्यावरचा ओला कपडा सारखा केला. "पिलं कोनं वाढवाची, भाऊ? मायले तुमी भिंतीकडं नेऊन सोडलं."

भागवतरावांनी अर्धा किलो बारकी मासळी घेतली आणि घरी येऊन सांगितलं की यंदा मरळीचं सालच नाही.

मी पुन्हा दाराआड उभी आहे. मार्च जवळ येतोय, टोप्या धुऊन वाळत पडल्यात. वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला मी चोरता आली तर कृपा करून चोरा. माझ्यावर कपडे वाळत घाला, वांग्यात शिरलेली बकरी हाकला, काहीही करा. फक्त मला रविवारी पाण्याकडे नेऊ नका.