दोन बरोबर उत्तरं

शंकासुरानं, म्हणजे माझं प्रत्येक उत्तर तपासणाऱ्या सहकाऱ्यानं, लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला. "आपली उत्तरं जुळत नाहीत," तो म्हणाला. एरवी असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आज मला बरं वाटलं.

किडनीच्या अदलाबदलीचं काम आमच्या ऑफिसात चालतं. म्हणजे नवरा आजारी, बायको द्यायला तयार, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या घरातही तीच रड. मग या घरची किडनी त्या घरात, त्यांची इकडे. अशी घरं वाढत गेली की कोणाची गाठ कोणाशी घातल्यावर जास्तीत जास्त माणसं वाचतील, हे हातानं काढता येत नाही. त्यासाठी मी प्रोग्राम लिहिलाय. शंकासुराचा वेगळा आहे. माझा डोकं लढवून वाट काढतो, त्याचा गाढवासारखा एकूण एक शक्यता तपासत बसतो. दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय कोणालाही फोन करायचा नाही, असा आमचा नियम आहे.

यादीत नावं नसतात, नंबर असतात. माझ्या धाकट्या भावाचा नंबर मला पाठ आहे. माझ्या उत्तरात तो नव्हता. पुढच्या फेरीपर्यंत त्याचं शरीर तग धरेल, असं छातीठोकपणे सांगायला डॉक्टर तयार नव्हते. सकाळपासून मी स्वतःच्याच कामात चूक शोधत होते. जन्मात पहिल्यांदा वाटत होतं, सापडू दे बाई एखादी. मेली सापडेल तर शपथ.

शंकासुराच्या उत्तरात भावाचा नंबर होता.

"चुकलं कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही. माणसं दोन्हीकडे तेवढीच वाचतात. फक्त एका जागी तुझा भाऊ, नाहीतर दुसरा कोणीतरी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू म्हणशील ते पाठवतो. कोणाच्या बापाला कळणार नाही."

बरोबरी झाली तर जास्त दिवस थांबलेला आधी, ही अट त्यानं आपल्या प्रोग्रामात घातलीच नव्हती. आळशी मेला! गेल्या बैठकीत मीच टेबलावर हात आपटून ती मंजूर करून घेतली होती. आणि आमचे बंधुराज "बघू गं पुढच्या महिन्यात" करत करत उशिरा यादीत आले होते. तो दुसरा नंबर बाईचा की बुवाचा, तेही मला माहीत नव्हतं.

"अट घाल आणि परत चालव," मी म्हणाले.

"अगं, सख्खा भाऊ आहे तुझा!"

"कळतं मला. घाल."

त्यानं घातली. उत्तरं जुळली. मला रडू आलं नाही, राग आला नाही, काहीच वाटलं नाही. दात काढण्याआधी सुई दिल्यावर गाल बधिर होतो, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. तशातच भावाला फोन लावला.

"बोल ताई."

"या वेळी नाही रे जमलं."

तो म्हणाला, "तूच लिहिलायस ना तो प्रोग्राम? मग बरोबरच असणार. दुसरं उत्तर नव्हतंच ना?"

"नव्हतं," मी म्हणाले.

फोन बाजूला धरून तो माझ्या भावजयीला समजावत होता, "अगं, रडतेस काय वेड्यासारखी? ताईनं स्वतः बघितलंय. दुसरं उत्तरच नव्हतं."