एक डोळस व धडधाकट माणूस

मोतीबिंदू झाला तेव्हा आमच्या बंजारा तांड्यावर एकट्या मलाच दोन-दोन चंद्र दिसायचे, म्हणून सुरुवातीला मी कोणाला सांगितलंच नाही. फुकट मिळालेली वस्तू परत कशाला करा? पण पुढे दोन्ही चंद्र विझले. एकदा बांधावर उभ्या असलेल्या रानडुकराला जावई समजून मी रामराम घातला. डुक्कर हुंकारलं. आमचा जावई हिरासिंग तेवढंही बोलत नाही. मी खूश होऊन घरी आलो अन् बायकोला, हंसाबाईला, म्हणालो, "चहा ठेव, हिरासिंग आला."

त्या दिवशी तिला कळलं.

दवाखान्यात गेलतो. तिथल्या माणसानं विचारलं, "वय किती?" म्हटलं, "सत्तर असंन." "मग वय झालं, बाबा," म्हणाला अन् गुलाबी पाण्याची बाटली हातात दिली. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला रोग एकच असायचा, वय झालं. गुडघ्यालाही गुलाबी पाणी, कानालाही तेच. प्यायचं की डोळ्यांत घालायचं हे मी विचारलं नाही. अर्धं प्यालो, अर्धं घातलं. एकाही वाटेनं उजेड आला नाही.

अन् एकसष्ट सालच्या दिवाळीच्या सुट्टीत घाटंजीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. नागपूरचे डॉक्टर येणार, मोतीबिंदू काढणार, खाटही त्यांचीच. मास्तरांनी तांड्यावर येऊन कागद वाचून दाखवला. शेवटची ओळ अशी: रोग्यासोबत एक डोळस व धडधाकट माणूस असणे आवश्यक आहे.

आता दिवाळी म्हणजे कापूस फुटायचे दिवस. सुट्टी पोरांना असते, पऱ्हाटीला नाही. माझा धरमसिंग, त्याची बायको, हंसाबाई, सगळे पहाटेपासून वेचणीला. हंसाबाई म्हणाली, "दहा दिवस मी तिथं बसली तर अर्धा कापूस मातीत जाईन. अन् नाही बसली तर तुमचे डोये जातीन. सांगा, काय करू?" ती चुलीकडे तोंड करून बसून राहिली.

गावात उकंडा होता. पाच वर्षांपूर्वी त्यानं दीक्षा घेतली होती, भेटला की जयभीम म्हणायचा. बायको गेलेली, पोरगा भीमराज राजूरच्या कोळसा खाणीत. उकंडाच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो काठी टेकत आला अन् म्हणाला, "धावजीदादा, तू माझा डोळस माणूस हो. मी तुझा होतो."

"अबे, आपल्या दोघांत मिळून अर्धा डोया नाई!"

"आधी माझं होऊ दे. तोवर तू सांभाळ. मग मले एक डोया भेटला की मी तुले सांभाळतो." मग म्हणाला, "माझ्या हातचं खाशीन ना?"

"चमचा तोंडात गेला पाहिजे, नाकात नाई. बाकी कायची चौकशी?"

डॉक्टरांनी माझे डोळे बॅटरीनं पाहिले अन् म्हणाले, "उजव्याचा भरवसा नाही. डावा पिकलाय. या खेपेला काढला नाही तर पुढच्या दिवाळीपर्यंत राहणार नाही. मग माझ्याही हातात काही नाही." उकंडाचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला, माझा सातव्या. नावं लिहायला दोन टेबलं होती. सोबतीचा माणूस म्हणून एका टेबलावर उकंडानं माझं नाव सांगितलं, दुसऱ्यावर मी त्याचं. मी अंगठा असा रुबाबात उमटवला की लिहिणारा म्हणाला, "बाबा, तो माझा हात आहे."

उकंडाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पाच दिवस उताणं पडायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. माझ्याशेजारी राहून न हसणं म्हणजे काय शिक्षा, ते त्यालाच विचारा. मी पावलं मोजून ठेवली होती. दारापासून अकरा पावलं, डावीकडे उकंडाचं तोंड. तीन दिवस एक थेंब सांडला नाही.

चौथ्या दिवशी बायांनी वर्ग धुतला अन् खाटा सरकवल्या. मी कोणाच्या तरी चुलीवरून मागून आणलेल्या पेजेची वाटी घेऊन अकरा पावलं गेलो, खाली बसलो अन् चमचा पुढे केला. तोंड उघडलं. पाच-सहा चमचे गेल्यावर तोंड म्हणालं, "सूनबाई, आज मीठ बरं पडलं."

ते घाटंजीचे मारोतराव होते. तेवढ्यात दारातून त्यांची सून ओरडली, "अगंबाई! मामंजी, मी तर आत्ता चूल पेटवून राह्यली!" अन् दोन खाटा पलीकडून दबक्या आवाजात उकंडा, "धावजीदादा, माझं तोंड इकडं हाय!"

नर्स विमलताई धावत आल्या. माझ्यासमोर हात धरून म्हणाल्या, "बोटं किती?"

"देवानं दिली तेवढीच, बाई."

"मी हात मागे घेतलाय, बाबा."

डॉक्टर आले. सगळं ऐकलं अन् तापले. "आंधळा माणूस आंधळ्याच्या उशाशी! टाका तुटला असता तर? यांचं नाव खोडा."

आजवर मी यमाच्या रेड्यालाही गप्पांत गुंतवून ठेवीन अशी माझी ख्याती, पण त्या वेळी एकही थाप सुचेना. जे खरं होतं तेच निघालं. "साहेब, कापसाच्या दिवसांत आमच्या घरी रिकामा माणूस एकच, तो म्हणजे मी. कागदावर तुम्ही डोळस माणूस मागितला. ज्याच्या घरचा माणूस कामावर गेला, त्यानं तो कुठून आणावा?"

डॉक्टर उकंडाची पट्टी सोडायला बसले, खाली काय झालं असेल या धाकानं. पट्टी निघाली. बराच वेळ बॅटरी धरून पाहिलं अन् विमलताईंना म्हणाले, "या वर्गातला सगळ्यात स्वच्छ डोळा आहे हा. हललाच नाही हा माणूस?"

उकंडा म्हणाला, "हलतो कसा, साहेब? चमचा कुठून येईन ते यालेच माहीत नव्हतं. मी तोंड उघडून गोठून पडलो होतो."

विमलताई हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "साहेब, पहिल्या दिवशी आठ म्हातारे दारावरून परत गेले. सोबत माणूस नव्हता म्हणून. कागदातली ओळ दाखवून मीच पाठवलं."

"दिसत नसताना गेले कसे?"

"एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. रांगेनं."

डॉक्टर उठले. वर्गभर फिरले. सोबतीच्या माणसांच्या चुलींचा धूर खिडकीतून आत येत होता, अर्धे रोगी त्यानंच खोकत होते. परत येऊन म्हणाले, "चुली बंद. पेज शिबिरात शिजेल. पाच खाटांमागे एक बाई ठेवा, रोगी तीच पाहील. त्या ओळीवर शाई मारा. अन् गाडी पाठवून ते आठ जण शोधून आणा."

गाडी दोन दिवस फिरली. सहा सापडले. नंतरच्या वर्षी गप्पांत मी त्या सहाचे सोळा केले, पण इथं खरं सांगतो आहे म्हणून सहाच.

सातव्या दिवशी माझा डावा डोळा झाला. पाच दिवस रुपीबाईनं मला भरवलं. ती शिबिरातली बाई, तिचा चमचा सरळ यायचा अन् बोलणंही सरळ. "हसवाल तर पेज बंद," म्हणायची. उकंडाला कोणी थांब म्हटलं नव्हतं, तरी तो एका डोळ्यानं माझ्या पायाशी बसून राहायचा, अन् मी गप्पा सुरू केल्या की पायाचा अंगठा दाबायचा. पट्टी सुटली तेव्हा मला आधी पांढरा धूर दिसला, मग त्या धुराला विमलताईंचं नाक फुटलं. एवढं सुंदर नाक मी पाहिलं नाही, अन् यात एक शब्द खोटा नाही.

सव्वा महिन्यानं घाटंजीत जाऊन जाड भिंगाचा चष्मा आणला. तिथून तांड्यापर्यंत एकटा चालत आलो. शेतात शेवटची वेचणी चालली होती. हंसाबाई पाठमोरी होती.

मी बांधावरून ओरडलो, "हंसा, तुझ्या ओढणीचा एक आरसा पडला. डाव्या खांद्यावरचा."

"झाल्या सुरू गप्पा," ती मागं न पाहता म्हणाली. पण हात खांद्याकडे गेला. बोटांनी चाचपलं. आरशाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता.

ती तिथंच पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात मटकन बसली. ओटीतला कापूस मातीत सांडला तरी तिला भान नव्हतं. मला वाकायची मनाई होती, म्हणून मीही हळूच तिच्याशेजारी बसलो, अन् आम्ही दोघांनी बसल्या बसल्या तो कापूस वेचला, काडी-कचरा निवडून.