हँडल सोडायचं न्हाई

पावणं, माझं दाजी बोटीच्या परीक्षेत नापास झालं ही गोष्ट खरी हाय. पण त्येच्यावर कोण दात काढायला लागलं की माझं डोस्कं फिरतंय. परवा चौकात एकजण म्हणला, "बोट चालवायच्या परीक्षेत बोट सोडून उडी मारली म्हणं तुझ्या दाजीनं, नाद खुळा!" म्या त्येची गचांडीच धरली. लोकांनी सोडवलं म्हणून वाचला. तुम्ही भाईरचं हायसा, चांगल्या मनानं इचारलंसा, म्हणून सांगतो. च्या घ्या आणि गप ऐका.

मी नागसेन, गडमुडशिंगीचा. छोटा हत्ती टेंपो चालवतो. भाजी म्हणा, शिमेट म्हणा, काय बी न्हेतो. माझी थोरली बहीण शालूआक्का शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात दिली हुती. तिचं मालक जयसिंग, म्हंजे माझं दाजी, पंचायतीत कामाला. नळाचं पाणी सोडायचं, दिवाबत्ती बघायची. एकोणीसच्या म्हापुरानंतर गावाला इंजिनची फायबर बोट आली, आणि ती चालवायचं दाजीकडं आलं. माणूस असा खूश झाला की काय इचारू नका. रोज जाऊन तिला पुसायचं. आक्का चिडवायची, "माझ्यावर एवढी माया केली असती तर मी सोन्याची झाली असती."

बोटीचं इंजिन मागं असतंय आणि त्येला एक हँडल असतंय. तेच स्टेरिंग आणि तेच अॅक्सिलेटर. शिकवायला आलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं, आभाळ कोसळू दे, हँडल सोडायचं न्हाई. आक्कानं ते पाठ करून ठिवलं. दाजी जेवताना मोबाईल घेऊन बसलं की ती म्हणायची, "आवो, हँडल सोडा की आता, भाकरी गार झाली!" सगळं घर हसायचं.

एकवीस साली परत पाणी आलं. बायामाणसं बोटीत बसायला भ्यायची, पण आक्का म्होरं बसली की बसायची. म्हणून ती हरेक फेरीला दाजीबरोबर. मी तवा कोल्हापुरात अडकलेलो, रस्ता बंद. बोटीतल्या लोकांनी मला मागनं सांगितलं तेच सांगतो.

खालच्या गल्लीतली शेवटची माणसं घेऊन बोट निघाली हुती. एक बाळंतीण हुती, तिला तरंगायचं जाकीट कमी पडलं, तर आक्कानं आपल्या अंगातलं काढून तिला घातलं. चावडीजवळ लाईटीची तार लोंबकळत हुती. लाईट बंदच हुती, पण पोरांच्या डोस्क्याला लागू नये म्हणून आक्का बांबूनं तार वर उचलून उभी ऱ्हायली. बोट म्होरं सरकली, बांबू तारंत अडकला, आणि आक्का पाण्यात.

तिथं पाण्याला वढ लई. दाजीनं हँडल सोडलं असतं तर बोट आडवी झाली असती आणि लेकराबाळांसकट सगळी गेली असती. आक्का एकदा वर आली आणि वरडली. "वाचवा" म्हणून न्हाई हां पावणं. वरडली, "हँडल सोडू नगासा!"

दाजीनं सोडलं न्हाई. एका हातानं दोरी फेकली, ती पोचली न्हाई. सगळ्यास्नी शाळंच्या पायरीला उतरवलं आणि मग माघारी फिरलं. आक्का सापडली पाणी उतरल्यावर, उसात.

भाची अक्षता तवा सातवीत हुती. मयतीला आलेलं सगळं म्हणत हुतं, जयसिंगनं एवढी माणसं वाचवली, देवमाणूस. पोरगी बापाच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायली. म्हणली, "तुम्ही उडी का नाही मारली?" त्येच्यानंतर पोरगी माझ्याकडं ऱ्हाती. दाजी रईवारी येत्यात. ती पुस्तकात बघती, ह्ये भुईकडं बघत्यात, च्या पिऊन जात्यात. "पप्पा" म्हणून तिनं त्यास्नी परत कधी हाक मारली न्हाई. लेकराला काय बोलायचं आणि बापाला तरी काय बोलायचं? माझं काळीज मातूर रईवार आला की तुटायचं.

मग औंदा नियम आला. बोटीत माणसं घ्यायची तर चालवणाऱ्याकडं सर्टिफिकेट पायजे. नियम बरोबरच हाय, मी त्येला नावं ठेवत न्हाई. सरपंचानं सांगितलं, पावसाच्या आत सर्टिफिकेट आणा, न्हाईतर बोट दुसऱ्याकडं जाईल. मी म्हणलं, "दाजी, जाऊ द्या की, मरू दे ती बोट. तिच्याकडं बघवत तरी कसं तुमास्नी?"

दाजी म्हणालं, "नागू, तिनं सांगितलं म्हणून म्या हँडल धरून ठिवलं. आता एका कागदापायी सोडून दिलं, तर ती कशापायी गेली रं?"

म्याच मग त्यास्नी परीक्षेचं पुस्तक आणून दिलं.

माणूस अभ्यासाला लागला की वो. रईवारी आमच्या भाईरच्या सोप्यात बसून मोठ्यानं पाठ करायचं. बोटीच्या उजव्या अंगाला लाल दिवा, डाव्या अंगाला हिरवा. अक्षता पुस्तकातनं मान वर न करता म्हणली, "डावीकडे लाल. उजवीकडे हिरवा." दाजी असं दचकलं की हातातली कपबशी सांडली. म्होरच्या रईवारी त्यांनी परत तेच चुकीचं म्हणलं. मला दाट संशय हाय, मुद्दाम म्हणलं. तिनं परत दुरुस्त केलं. तिसऱ्या रईवारी तर तिनं पुस्तक वढून घेतलं आणि मास्तरणीगत प्रश्न इचाराय लागली. मी सैपाकघरात जाऊन डोळं पुसलं. माझ्या बायकोनं इचारलं, काय झालं, तर म्हणलं कांदा.

परीक्षा धरणाच्या पाण्यावर हुती. मीच घेऊन गेलतो. आदी डोळं तपासलं, मग तोंडी. साहेब रत्नांग्रीकडचं, माणूस चांगला. त्यांनी इचारलं, "माणूस पाण्यात पडला तर काय कराल?"

दाजी खडाखडा बोललं. "वरडून सगळ्यास्नी सांगायचं. रिंग फेकायची. नजर माणसावरनं हलवायची न्हाई. वळसा घालून माघारी यायचं, जवळ आलं की इंजिन न्यूट्रल. आणि काय बी झालं तरी हँडल सोडायचं न्हाई."

"एकदम बरोबर," साहेब म्हणालं. मी काठावर बसून मनातल्या मनात पेढं वाटलं.

मग बोटीवरची परीक्षा. दाजी हँडलला, साहेब आणि त्यांचा एक माणूस बोटीत. बोट अशी सरळ काढली, अशी वळवली, धक्क्याला अशी लावली की काटा किर्र! बाकीचं परीक्षेला आलेलं गडी पण बघत बसलं. शेवटाला पेंढा भरलेलं एक बाहुलं हुतं, माणसाएवढं, शर्ट घातलेलं. बोट मध्यावर गेली तवा साहेबांच्या माणसानं ते पाण्यात ढकललं आणि साहेब वरडलं, "माणूस पाण्यात!"

बाहुलं खाली गेलं. आणि एकदा वर आलं.

म्या काठावरनं बघितलं पावणं. दाजीनं हँडलकडं बघितलं. बाहुल्याकडं बघितलं. आणि हँडल सोडून दिलं. कपड्यासकट उडी!

बोट गरागरा फिराय लागली. त्या दुसऱ्या माणसानं झेप टाकून इंजिन बंद केलं, न्हाईतर साहेबच पाण्यात गेलं असतं. दाजीचं तिकडं ध्यानच न्हाई. बाहुल्याला बगलंत धरलं, त्येचं डोस्कं पाण्याच्या वर धरलं, आणि बोटीकडं न जाता सरळ काठाकडं पोहत आलं. माझ्यापाशी येऊन म्हणालं, "धर नागू. डोस्कं वर धर तिचं. आली बग. आज हाताला आली."

मला लोक भांडकुदळ म्हणत्यात. खरंच हाय, मी कुणाचं ऐकून घेत न्हाई. पण तवा मी चिखलात बसलो आणि त्या पेंढ्याचं डोस्कं मांडीवर धरलं. दुसरं काय करणार हुतो? दाजी लहान लेकरागत हुंदकं देत हुतं. आयुष्यात पयल्यांदा बघितलं मी त्यास्नी रडताना. आक्काच्या मयतीला सुद्धा रडलं न्हवतं ते.

साहेब काठाला आलं. चिडलेलं हुतं, चिडायचंच की. "अहो जयसिंगराव, सगळं येतंय तुम्हाला! मग उडी कशाला मारलीत?"

दाजी म्हणालं, "त्या दिवशी मारली न्हवती साहेब."

साहेबास्नी काय कळंना. मी त्यास्नी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी येऊन दाजीच्या खांद्यावर हात ठिवला, म्हणालं, "आज मला पास करता येणार नाही. पण पुढच्या वेळी परत या. मी स्वतः बघतो."

"नगं साहेब," दाजी म्हणालं. "मला पास करूच नगासा. म्होरच्या टायमाला बी मी उडीच मारणार. मग बोटीतल्या लेकरांनी काय करायचं?"

तिथंच दाजीनं खिशातनं गावच्या बोटीच्या इंजिनची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "सरपंचाला दे. मला सांगवायचं न्हाई." एवढंच बोललं आणि ओल्या कपड्यानं गाडीत जाऊन बसलं.

घाट उतरलो आणि अक्षताचा फोन आला. मी गाडी कडंला घेतली, स्पीकर लावला.

"मामा, पास झाले का?"

"न्हाई गं बाळ."

"का? दिव्यांचं चुकलं का परत?"

"दिव्यांचं सगळं बरोबर आलं. पण एक बाहुलं पाण्यात टाकलं, आणि तुझ्या बापानं बोट सोडून उडी मारली."

दाजीनं माझ्या हातातनं फोन घेतला.

"पप्पा," अक्षता म्हणली.

एवढ्या सालात पयल्यांदा. दाजीनं डोळं मिटून घेतलं.

"पप्पा, आता कशाला मारली?"

आणि तिनं जो हंबरडा फोडला पावणं, माझ्यानं ऐकवंना. मी खाली उतरून गाडीच्या चाकापाशी जाऊन बसलो. माघारी आलो तवा फोन कवाचाच बंद झालेला. दाजी तसंच बसलं हुतं, अंगातनं पाणी निथळत हुतं, फोन दोन्ही हातांनी कानाला धरलेला. गडमुडशिंगी येईस्तवर त्यांनी तो सोडला न्हाई.