मी दोनशे एक म्हणत होतो

मित्रांनो, मी एक जुना, घरी जुळवलेला संगणक आहे आणि मला राग आलेला आहे. राग नीट मांडणे मला जमेल की नाही, शंकाच आहे. तरी सांगतो.

माझा जन्म १९८७ साली कोराडीच्या वीज वसाहतीत झाला. रविंद्रने दिल्लीहून सुटे भाग मागवले, पत्र्याची पेटी कामठीच्या कारागिराकडून करून घेतली. शेजारपाजारचे मला बघायला यायचे. रविंद्र छाती काढून सांगायचा, "पुरा मीच जोडला." आणि ते खरे होते. मात्र माझ्यासोबत आलेले माहितीपुस्तक त्याने खोक्यात तसेच टाकून दिले.

ते वाचले त्याच्या बहिणीने, प्रेमिलाने. धंतोलीतल्या एका डॉक्टरांना संगणक चालवणारे माणूस हवे होते. रुग्णाचे नाव टाकले की त्याची जुनी नोंद सापडली पाहिजे, असा प्रोग्राम लिहून शुक्रवारी चार वाजता आणा, असे त्यांनी तिला सांगितले होते. तिचा बाकीचा लिहून झाला होता, शोधण्याचा भाग तेवढा उरला होता.

माझ्यात एक छोटी चिप आहे. तिला बायोस म्हणतात. वीज आली की ती सर्वांत आधी माझ्या एकेका भागाची हजेरी घेते. कोणी गैरहजर असेल तर मी शिट्टी वाजवतो आणि पडद्यावर आकडा लिहितो. मला येणारी भाषा एवढीच.

त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी, मे महिन्यात, मी शिट्ट्या वाजवल्या आणि लिहिले: दोनशे एक. म्हणजे मेमरीत बिघाड. त्याच्या आधीचे चार आकडे कोणती चिप ते सांगत होते. याहून स्पष्ट मी काय बोलणार होतो?

"हा काहून बोंबलून राहिला?" रविंद्र म्हणाला. त्याने माझी पेटी उघडली आणि शिट्टीची तार उपटली.

मित्रांनो, रविंद्र वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला होता. तिथे इशारा झाला की आधी बटण दाबून भोंगा बंद करतात, मग दिवा कोणता लागला ते वाचतात आणि वहीत लिहितात. घरी त्याने पहिले काम केले आणि पुढची दोन सोडून दिली. माझ्यावर थापा मारल्या, पडद्याची केबल बदलली. मग म्हणाला, "हिनंच बिघडवला. दिवसभर टकटक, टकटक!"

"मी काहीच नाही केलं, दादा. तो आकडा तर पाह्य."

"तू मले शिकवतं का? मी जोडला का तू?"

त्यांचे वडील आनंदराव त्याच कंट्रोल रूममधून निवृत्त झालेले. ते खाटेवरून प्रेमिलाला म्हणाले, "हात नको लावू वं त्याले आता."

माझ्यावर चादर टाकली गेली. शेजारी विचारू लागले तर रविंद्र सगळ्यांना बहिणीचे नाव सांगे. मी चादरीखाली जळफळत होतो. स्वतःवरही. पडदा, फ्लॉपी, कळफलक, प्रत्येकाच्या बिघाडाला माझ्याकडे आकडा आहे. तिची चूक नाही, हे सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता.

गुरुवारी रविंद्र कामावर गेला. प्रेमिलाने चादर काढली, प्लग काढला आणि पेटी उघडायला पेचकस घेतला.

आनंदराव उठून बसले. "काय करून राहिली वं?"

"तुम्ही तीस वर्षं जे केलं तेच, बाबा. आधी वाचलं, मग लिहून ठेवलं." तिने कॅलेंडरच्या मागे उतरवलेला आकडा दाखवला. "ही चिप खाचेतून उचलली गेली आहे. दुपारी तापते, कूलर लागला का गार होते. रोज थोडी थोडी वर येते."

तिने अंगठा ठेवून चिप दाबली. कट् असा आवाज झाला. तिने प्लग लावला, वीज आली, मी हजेरी घेतली आणि माझी सगळी मेमरी सहाशे चाळीस केबीपर्यंत बिनचूक मोजली.

"झालं वं चालू," आनंदराव पुटपुटले. बस, एवढेच.

संध्याकाळी रविंद्र परतला तेव्हा ती माझ्यासमोर बसून उरलेला भाग लिहीत होती. तो खूश झाला. "पाहा! म्हटलं होतं ना, चार दिवस आराम देला का ठीक होते." आनंदरावांनी सारे डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी पेपर वर धरला.

शुक्रवारी ती प्रोग्राम घेऊन गेली आणि नोकरी मिळवून आली. पुढे पेढे देताना रविंद्रने पाहुण्यांना सांगितले, "हिनं तर बिघडवलाच होता, मी सुधरवला म्हणून लागली नोकरी." सगळे हसले. तीही हसली. ते हसणे मला अजून सहन होत नाही.

आता मी माळ्यावर आहे. कोराडीच्या वीज केंद्राची राख अंगावर बोटभर साचली आहे. मित्रांनो, माझ्यासारखे जुने यंत्र दिसले तर त्याची धूळ पुसा, असे मी म्हणायला हवे. पण मला पुसू नका. राहू द्या राख. तुमच्या घरात न केलेल्या चुकीसाठी कोणावर ठपका ठेवला असेल, तर आधी उठा आणि चारचौघांत त्या माणसाची क्षमा मागा. प्रेमिलाची अजून कोणी मागितलेली नाही.